मागची डावी मांडी

माझं माहेर आटपाडीच्या पुढं, माळावर. आजोबांपर्यंत आमच्याकडं मेंढरं होती. वडिलांनी विहीर पाडली, धाकट्या भावानं डाळिंब लावलं, मेंढरं गेली. कारवानी कुत्रं मात्र दारातून कधी गेलं नाही. लांब तोंडाचं, आत ओढलेल्या पोटाचं, पळायला लागलं की पाय जमिनीला टेकतात की नाही कळू नये असं हे कुत्रं आजोबांच्या वेळी मेंढरांची राखण करायचं. भावाच्या हातात आलं आणि शर्यतीत गेलं.

ज्याच्याबद्दल मी सांगते आहे तो वाळूच्या रंगाचा होता. पिल्लू असताना भावानं त्याला शर्टाच्या आत घालून आणलं होतं. आईला कधी चहाचा कप उचलून न दिलेला माझा भाऊ त्या कुत्र्यासाठी पहाटे उठून दूध तापवायचा, अंडी फोडायचा, अंगाला तेल लावायचा. कुत्र्यानंही त्याला सगळं दिलं. आमच्या भागात, कर्नाटकाच्या बाजूला, जिथं म्हणून दोरीला बांधलेल्या खोट्या सशामागं कुत्री सोडतात तिथं तिथं तो पळाला. सोप्यातली भिंत ढालींनी भरली. गुलालानं माखलेल्या भावाचे आणि कुत्र्याचे फोटो माझ्या फोनवर यायचे आणि मी सांगलीत कुपवाडच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत ते बायकांना दाखवायचे. मलाही अभिमान वाटायचा, खोटं का सांगू.

मग फोटो यायचे थांबले. मला वाटलं, भाऊ डाळिंबाच्या गडबडीत असेल.

गावच्या जत्रेला गेले तेव्हा सगळ्या पाहुण्यांत तो दिसेना. मी भावाला विचारलं, "कुत्रं कुठाय रं?"

"हाय की मागं," तो मटणाच्या पातेल्याकडं बघत म्हणाला.

मागं म्हणजे शेळ्या कोंडायच्या वाडग्याच्या मागं, जिथं मोडका नांगर, फाटके पाइप असलं सगळं पडलेलं असतं तिथं. गुरांची साखळी त्याच्या गळ्यात होती. मला बघून तो उठला. उठला म्हणजे आधी पुढचे दोन पाय ताठ केले, मग उजवा मागचा, आणि डावा पाय नुसता हवेत धरला. शेपूट मात्र हलत होतं. मी खाली बसले आणि त्याच्या मांडीवरून हात फिरवला. शर्यतीतल्या कारवान्याची मांडी कशी असते ते ज्यानं हात लावून बघितलंय त्यालाच कळेल. भिजवून घट्ट पिळलेल्या दोरखंडासारखी. उजवी मांडी जवळपास तशीच होती. डावी नव्हतीच. कातड्याखाली माझ्या बोटांना सरळ हाड लागलं. डोक्यावर, डोळ्यांच्या वरच्या बाजूला दोन खळगे पडलेले. पाठीचे मणके वरून मोजता येतील असे. आणि पोट, जे कायम आत असायचं, ते ढिलं होऊन खाली आलेलं.

मी पुढं आले ती पाहुण्यांच्या समोरच ओरडले. "काय केलंस त्या मुक्या जिवाचं?"

"अक्का, म्हातारं झालं ते," भाऊ म्हणाला. "सहा वर्सांचं हाय."

"सहा वर्षांचं कुत्रं म्हातारं?"

"शर्यतीच्या कुत्र्याला लय झालं ते. आन ही जात काटकुळीच असती. तुला काय नवं हाय का?"

त्याचे मित्र हसले. आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "जत्रंच्या दिवशी कशाला गं? पुरुषाचा नाद असतोय. त्याचं तो बघंल." माझ्या आईचं सगळं आयुष्य 'त्याचं तो बघंल' म्हणण्यात गेलं. वडिलांच्या बाबतीतही ती हेच म्हणायची. मला त्या वाक्याचा इतका राग आहे की ते कुठंही ऐकलं की माझ्या कानाच्या पाळ्या तापतात.

भावजय भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही, पण तिचा हात परातीत थांबला होता ते मी बघितलं.

"मी नेते त्याला," मी म्हणाले.

"ने की," भाऊ म्हणाला. "जागा मोकळी हुईल."

माझे यजमान फौजेतून निवृत्त झालेले, औंधजवळच्या गावचे. कुपवाडलाच एका कारखान्यात सुरक्षेचं काम बघतात. भांडणात कधी पडत नाहीत. ते उठले, वाडग्यामागं गेले, साखळी सोडली आणि कुत्र्याला दोन्ही हातांवर उचलून आमच्या जुन्या व्हॅनमध्ये ठेवलं. आम्ही जेवलो नाही. गाडी गावाबाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "आपल्या बटालियनमध्ये असं कुणी केलं असतं तर त्याची खैर नव्हती."

सांगलीत आमच्या घराजवळच जनावरांचा एक दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरांनी टेबलाच्या पलीकडून कुत्र्याकडं बघितलं. हात लावला नाही. "वय झालंय. टॉनिक देतो, कॅल्शियम देतो. ह्यांची ठेवणच बारीक असते." मी म्हणाले, "अहो, एकच मांडी बारीक आहे, ठेवण एका पायाची असते का?" ते फोनवर बोलायला लागले होते. मी टॉनिकची बाटली टेबलावरच ठेवली आणि बाहेर पडले. भाऊ अडाणी म्हणून मी त्याला शिव्या देत होते. मग ह्यांना काय म्हणायचं?

कारखान्यातल्या एका बाईनं मिरजेच्या डॉक्टरीणबाईंचं सांगितलं. त्यांनी कुत्र्याला टेबलावर घेतलंच नाही. स्वतः फरशीवर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, त्याला जरा चालवा. हळू." तो तीन पायांवर चालला. मग त्यांनी डोक्यापासून सुरुवात केली. कपाळ, खांद्याचे फरे, कणा, कंबर, दोन्ही मांड्या एकाच वेळी दोन हातांत. डावा गुडघा धरून त्यांनी हाड किंचित पुढं सरकवून बघितलं तेव्हा त्यानं तोंड वळवून त्यांचं मनगट दातांत धरलं. चावला नाही. नुसतं धरलं. त्यांनी लगेच सोडलं आणि त्याला म्हणाल्या, "कळलं रे बाबा."

रक्त तपासलं, एक्स-रे काढला. मूत्रपिंड, काळीज ठीक होतं. त्या म्हणाल्या, हे बघणं गरजेचं होतं, कारण आतला मोठा आजार असला तरी जनावराचं मांस असंच झडतं, आणि तेव्हा नुसतं खाऊ घालून ते भरत नाही. इथं गोष्ट वेगळी होती. गुडघ्यातला हाडांना बांधून ठेवणारा एक मोठा दोर, लिगामेंट, तुटला होता, फार दिवसांपूर्वी. दुखतं म्हणून पाय टेकायचा नाही. टेकला नाही की मांडी आटते. मांडी आटली की गुडघ्याला धरून ठेवणारं कुणी राहत नाही, मग तो जास्त डळमळतो आणि जास्त दुखतो. वर साखळी. वर ताकातली भाकरी.

"पण वजन तर बरं आहे की त्याचं," यजमान म्हणाले. नुकतंच काट्यावर उभं केलं होतं.

"वजनकाटा फसवतो. पोटावर चरबी चढते आणि मांडीवरचं मांस जातं, काटा तेवढाच राहतो. डोळेही फसवतात, ह्या जातीत तर फारच. हातानं बघायचं. दर आठवड्याला, त्याच त्या जागी."

ऑपरेशनबद्दल त्यांनी पुण्याच्या एका सर्जनना एक्स-रे पाठवून विचारलं. वेळेवर आणला असता तर नक्की केलं असतं, असं उत्तर आलं. आता गुडघा आतून जाड होऊन आपल्या परीनं धरला गेला होता. आता कापून फारसं हाती लागणार नव्हतं, जे काही करायचं ते मांडीनंच करायचं होतं. 'वेळेवर' हा शब्द मी घरी येईपर्यंत तोंडात घोळवत होते. शेवटी व्हॅनच्या दारावर मूठ आपटली. यजमान म्हणाले, "दाराचा काय दोष?"

आम्ही निघताना बाईंनी एक प्रश्न विचारला होता. "पाय दुखावल्यावर ह्याला पळवलं होतं का?" मी म्हणाले, माहीत नाही. त्यांनी एक्स-रे पुन्हा उजेडात धरून बघितला. मला ते बघणं आवडलं नाही.

मी भावजयीला फोन केला, भाऊ बागेत असेल अशा वेळी. ती आधी "मला काय ठावं न्हाई वन्सं" म्हणाली. मग म्हणाली, "पळीवला. आधी पाय मुरगाळला तवा गुडघा सुजला हुता. पुढच्या शर्यतीत नाव दिलं हुतं. कुणाकडनं तरी इंजेक्शन आणलं, सुज उतरली, दुखायचं थांबलं. मी म्हणलं, आवं नका. त्यो पळाला वन्सं. पयला आला. आन रेषंच्या पल्याड जाऊन पडला तो उठलाच न्हाई. त्याला उचलून गाडीत टाकला आन ढाल हातात धरून फोटो काढलं."

तो फोटो मी कारखान्यात दाखवला होता.

संध्याकाळी भावाला फोन लावला. माझ्या आवाजानं शेजारची बाई गॅलरीत आली. मी त्याला काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. तो शांत होता. "समदीच देत्यात अक्का. माझंच कुत्रं हाय का जगात? न्हाई पळीवलं तर ठिवायचं कशाला?" मी फोन भिरकावला. तो गादीवर पडला म्हणून वाचला.

त्या दिवसापासून माझा राग कामाला लागला, असं म्हणते मी. नुसता राग असता तर चार दिवसांत विझला असता. पण त्या कुत्र्याच्या मांडीला रोज हात लावायचा होता आणि रोज तिथं हाड लागत होतं.

आधी दुखणं थांबवायचं, मग व्यायाम, असं बाईंनी बजावलं होतं. दुखत असताना चालवणं म्हणजे शिक्षा. गोळ्या त्यांनीच दिलेल्या, मोजक्या, आणि माणसांच्या गोळ्या चुकूनही नाहीत. आमच्या घरात गुळगुळीत फरशी, त्यावर त्याचा पाय सरकायचा. यजमानांनी गोणपाटं आणून दारापासून भांड्यापर्यंत आणि भांड्यापासून अंथरुणापर्यंत अशी वाट घातली. मी भाकरी कमी केली, अंडी आणि उकडलेलं बिनहाडाचं कोंबडीचं मांस वाढवलं. मग चालणं. थोडं, पण दिवसातून बऱ्याच वेळा, पट्टा आखूड धरून आणि इतकं हळू की आपल्यालाच कंटाळा यावा. कारण जोरात चाललं की तो लगेच डावा पाय उचलून तीन पायांवर उड्या मारत निघे. हळू चाललं तरच चौथा टेकावा लागे. वाऱ्यावर पळणाऱ्या जनावराला गोगलगायीसारखं चालवायचं. तो माझ्याकडं वळून बघायचा, ह्या बाईला झालंय काय म्हणून.

बसायचं, उठायचं, हाही एक व्यायाम होता. सरळ बसायचं, बाजूला पाय फेकून नाही. एका कोपऱ्यात, भिंतीला डावी बाजू लावून मी त्याला बसवायचे, म्हणजे पाय बाहेर जायला जागाच उरत नसे. अंड्याचा तुकडा नाकासमोर धरून उठवायचे. दोन-तीनदा झालं की त्याची मांडी थरथरायची. थरथरली की थांबायचं.

पाण्यात चालवा म्हणाल्या बाई, पाणी अंगाचा भार उचलतं. सांगलीत कृष्णा दारात आहे, पण नदीत मगरी. यजमानांच्या ओळखीच्या एकाचा हरिपूरच्या बाजूला ऊस होता, त्याच्या पाटाला वाळूचा तळ होता. पाळीचं पाणी सुटलं की आम्ही जायचो. मी साडी खोचून पाटात पुढं, कुत्रा मागं, यजमान काठावर हात पाठीमागं बांधून, परेड बघितल्यासारखे. "लेफ्ट टेकत न्हाई तो," ते ओरडायचे. "हळू घे."

आणि लोक. रस्त्यावरच्या लोकांना मला कधीच माफ करता येणार नाही. ज्यांनी त्याला साखळीला बांधून वाळवला त्यांच्या घरी कुणी विचारायला गेलं नव्हतं. मला मात्र रोज एक तरी भेटायचा. "ताई, खायला घालत न्हाई का?" "काय हाल केलेत हो बिचाऱ्याचे." एका गृहस्थानं स्कूटर थांबवून मला भूतदयेवर ऐकवलं. मी त्याचा हात धरला आणि कुत्र्याच्या उजव्या मांडीवर ठेवला, मग डाव्या. "आता सांगा, ह्याला काय करायचं?" तो हात सोडवून स्कूटरवर बसून गेला. कारखान्यात एकजण म्हणाला, "कुत्र्याला जिम लावलीय म्हणं." सगळे हसले. मी त्या आठवड्यात त्याच्या टेबलावरून पुढं गेलेला प्रत्येक सुटा भाग पुन्हा तपासला. तपासणीचं काम माझंच होतं. त्यात दोन सदोष निघालेही.

मांडी मापायला मी परकराची जुनी नाडी घेतली होती. मांडीभोवती गुंडाळून पेनानं खूण करायची. बरेच दिवस खूण जिथल्या तिथं राहिली. मी बाईंवर चिडले. त्या म्हणाल्या, "ताई, मांस जायला काही आठवडे लागतात, यायला त्याच्या कितीतरी पट." मग एका रविवारी खूण सरकली. नखाएवढी. मी परत मापलं, परत तीच. मी यजमानांना हाक मारली आणि त्यांनी चष्मा लावून खूण बघितली आणि बाजारात जाऊन मटण आणलं.

हिवाळा संपता संपता तो चार पायांवर चालू लागला. लंगडत, पण चारही. उन्हात अंगणात एखादी खार दिसली की दोन-चार उड्या मारत दुडक्या चालीनं पळायचा आणि मी ओरडायचे.

त्याचा व्हिडिओ माहेरहून आलेल्या एका चुलत भाच्यानं माझ्या फोनवर बघितला आणि माझ्या भावाला सांगितलं. पुढच्याच आठवड्यात भाऊ पिकअप घेऊन दारात. बरोबर शर्यतीतला एक मित्र.

"अक्का, किमया केलीस गं," तो फाटकातूनच म्हणाला.

त्यानंतर जे झालं ते मला अजून गिळता येत नाही. कुत्र्यानं त्याचा आवाज ऐकला. गोणपाटावरून उठला, कान मागं टाकले आणि असा धावला, असा धावला की काय सांगू. भावाच्या छातीवर पुढचे पाय टाकून उभा राहिला. त्याचं तोंड चाटलं, हात चाटले, बारीक आवाजात रडला. माझ्यासाठी तो असा कधीच आला नव्हता. मी दारात उभी. हातात त्याच्यासाठी उकडलेली अंडी. भावावर जेवढा राग होता तेवढाच त्या घटकेला कुत्र्यावर आला. अरे, ह्या हातानं तुला सुई टोचली. ह्याच हातानं साखळी घातली.

भावानं खाली बसून मांडी चाचपली. "भरलीय की. दाजी, तुमी लय मेहनत घेतली. आता नेतो. पळवायचा न्हाई म्हणा हवं तर, नुसता वाणाला ठिवतो. ह्याच्या पिल्लांना लय मागणी हाय. आन जमलं तर एकच शर्यत, घरच्या मैदानावर."

"नेऊन बघ," मी म्हणाले.

"माझं कुत्रं हाय ते अक्का."

"तुझं होतं तेव्हा वाडग्यामागं होतं."

"भन हाय म्हणून ऐकून घेतोय," मित्राकडं बघत तो म्हणाला. यजमान फाटकाशी जाऊन उभे राहिले होते. नुसते उभे. भावानं त्यांच्याकडं दुर्लक्ष करून पिकअपचं मागचं फळकूट खाली पाडलं आणि जुनी शीळ घातली. दोन बोटं तोंडात घालून, शर्यतीआधी घालायचा ती.

कुत्रा यजमानांच्या पायांमधून निसटला आणि त्यानं उडी घेतली. त्याला वाटलं असेल, आपण अजून तेच आहोत. पुढचे पाय फळकुटावर पोचले, मागच्या डाव्यात ताकद नव्हती. तो पाठीवर रस्त्यावर पडला. जो आवाज त्यानं केला तसा मी त्याच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता.

मी धावले. यजमान धावले. कुत्रा उठायचा प्रयत्न करत होता, डावा पाय पुन्हा हवेत. मला वाटलं, आता तरी. आता तरी माझ्या भावाच्या तोंडावर काही दिसेल. मी वर बघितलं. तो कपाळाला आठ्या घालून उभा होता, बाजारात घेतलेलं टरबूज कच्चं निघाल्यावर माणूस बघतो तसा.

"अजून न्हाई जमत त्याला," तो मित्राला म्हणाला. "ऱ्हाऊ दे. ठिव अक्का, तूच ठिव." फळकूट वर केलं, गाडी सुरू केली. चहाही घेतला नाही.

हाड मोडलं नव्हतं, पण गुडघ्याला सूज आली आणि सगळं पहिल्यापासून सुरू झालं. गोळ्या, विश्रांती, मग भिंतीचा कोपरा, मग पट्टा. नाडीवरची खूण मागं गेली. यजमानांनी कारखान्यात रजा टाकली आणि कुत्र्याला औंधजवळ आपल्या गावी घेऊन गेले. तिथं मातीचं अंगण, घरापासून रानापर्यंत हलका चढ. चढ मागच्या पायांना चांगला, असं बाईंनी सांगितलं होतं. मी शनिवारी कारखाना सुटला की एसटीनं जायचे. एकदा गेले तर दोघं लांबून येताना दिसले, यजमान पुढं, तो मागं, दोघंही सारखेच हळू. गावातली माणसं म्हणत, फौजी रिटायर झाला आन कुत्र्याच्या ड्युटीवर लागला. ते कुणालाच उत्तर देत नसत. मला नाही जमत तसं. सूज उतरून तो पुन्हा चारही पाय टेकायला लागला तसे दोघं सांगलीला परतले.

भाऊबिजेला मी माहेरी गेले नाही. आईचा फोन आला, "एका कुत्र्यापायी भावाला तोडतीस व्हय?" मी म्हणाले, "कुत्र्यापायी नाही आई." पुढचं तिला सांगून कळलं नसतं, म्हणून ठेवून दिला.

दरम्यान भावानं नवं पिल्लू आणलं होतं. काळं. मला ते फोटोवरून कळलं. मी फोटो उघडला आणि बंद केला.

आता ह्या उन्हाळ्यातली गोष्ट. सुट्टीच्या दिवशी दुपारी दार वाजलं. उघडलं तर भावजय. एकटी. घामानं चिंब, काखेत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं ते काळं पिल्लू, आता बरंच थोराड झालेलं, लांब पाय बाहेर लोंबकळत होते. आटपाडीहून डाळिंबाच्या टेम्पोत बसून आली होती. लग्न झाल्यापासून ती एकटी कधी सांगलीला आलेली मला आठवत नाही.

"वन्सं, डॉक्टरीणबाईकडं चला," ती दारातूनच म्हणाली. "पुढचा पाय टेकत न्हाई. अजून वर्साचं न्हाई झालं आन ह्यांनी गाडीमागं पळवायला काढलंय. काल कुणाला तरी फोनवर इंजेक्शनाचं इचारत हुतं. मी ऐकलं. आज ते बाजारला गेलं, मी ह्याला उचललं."

"सांगून आलीस?"

"न्हाई."

मी तिला पाणी दिलं. ती पाणी न पिता पिल्लाच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून मला दाखवत होती, "हे बघा, हिकडं भरल्यागत लागतंय आन हिकडं जरा कमी. लागतंय का न्हाई?" तिला हे कुणी शिकवलं म्हणून मी विचारलं. म्हणाली, "तुमीच की. तुमी फोनवर त्यांच्यावर वरडत हुता तवा समदं ऐकू येत हुतं."

मिरजेला गेलो. दुखापत साधी निघाली. कोवळ्या हाडांवर फार भार पडला होता, स्नायू ताणला होता. काही आठवडे विश्रांती, मग हळूहळू चालणं, पळवायचं तर पूर्ण वाढ झाल्याशिवाय अजिबात नाही. बाई हे सांगत असतानाच माझा फोन वाजला. भाऊ.

"अक्का, ती हाय का तिथं? कुत्रं कुठाय माझं?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडं बोलायला वर्षभराचं साठलेलं होतं. भावजयीनं हात पुढं केला आणि माझ्या हातातून फोन घेतला. पदर सावरला, जणू तो समोरच उभा आहे.

"हितंच हाय," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "त्याचा पाय बरा हुस्तवर आमी येत न्हाई."

तिकडून तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "सैपाक आई करतील न्हायतर तुमी करा. दूध तापवाय येतंय की तुमाला." आणि फोन मला परत दिला, असला टचचा फोन बंद कसा करायचा ते तिला येत नव्हतं.

ती आमच्याकडं राहिली. त्या दिवसांत घरात दोन कुत्री लंगडत होती. पिल्लू लवकर सुधारलं. आमचा म्हातारा, आता त्याला म्हातारा म्हणायला हरकत नाही, पिल्लानं अंगावर मारलेल्या उड्या सहन करायचा आणि मग दात दाखवायचा. पिल्लू चारही पाय टेकून चालू लागल्यावर भाऊ न्यायला आला. जेवला. माझ्याकडं बघितलं नाही, मीही वाढताना बघितलं नाही. आमच्या कुत्र्याजवळ क्षणभर बसला, त्याचं डोकं खाजवलं. माफी वगैरे काही मागितली नाही आणि मागेल असं मला वाटतही नाही. जाताना भावजय पिल्लाला घेऊन पुढच्या सीटवर बसली, तो म्हणाला, "कुत्र्याला मागं टाक." ती म्हणाली, "न्हाई." गाडी गेली.

यंदाच्या शर्यतीत ते काळं पिल्लू उतरलेलं नाही. पुढच्या वर्षाचं मला ठाऊक नाही. भावजय दर आठवड्याला फोन करते आणि खांद्याचं सांगते.

आमच्या कुत्र्याचा आता दुसराही मागचा पाय बारीक व्हायला लागलाय. हे मात्र वयाचं, बाई म्हणाल्या. थांबवता येणार नाही, सावकाश करता येईल. ते ऐकून मला नेहमीसारखा राग आला, आणि पहिल्यांदाच तो कुणावर काढायचा ते कळेना. शनिवारी गावी पोचलो, तिथं यजमानांनी पट्टा घेतला. आम्ही तिघं चढावर गेलो.